महिंद्रा एक्सयूव्ही७०० चं २०२४ मॉडेल: एएक्स५ सिलेक्ट, एएक्स७ की डिस्काउंटमधली २०२३ ची एएक्स७ एल? (२०२४ मधली चर्चा, किमती तेव्हाच्या)

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी. घरात आम्ही सहा जण, मी, नवरा, मुलगी सात वर्षांची, मुलगा तीनचा, आणि सासूबाई-सासरे. आत्ता हॅचबॅक आहे त्यामुळे संगमनेरला गावी जायचं म्हटलं की कुणीतरी घरी राहतं, आणि राहतात ते बहुतेक वेळा सासरेच, गुडघे दुखतात म्हणून "तुम्ही जाऊन या" म्हणतात. मला ते अजिबात आवडत नाही म्हणून यावर्षी तीन रांगांची गाडी घ्यायचीच ठरवलंय. ऑन रोड, म्हणजे टॅक्स-इन्शुरन्स सगळं धरून, चोवीस लाखांच्या वर एक रुपया नाही. गाडी मी पण चालवते, नवरा पण.

सगळं बघून एक्सयूव्ही७०० वर आलोय, पण आता व्हेरियंटमध्ये अडकलोय. शोरूममध्ये तीन पर्याय दिलेत.

१) एएक्स५ सिलेक्ट पेट्रोल मॅन्युअल, एक्स शोरूम, म्हणजे टॅक्स-इन्शुरन्स न धरता, १६.८९ लाखांपासून.
२) एएक्स७, जी १० जुलै २०२४ ला स्वस्त झाली, पेट्रोल मॅन्युअल सात सीटर १९.४९ लाख.
३) स्टॉकयार्डला पडलेली नोव्हेंबर २०२३ ची एएक्स७ एल डिझेल मॅन्युअल, भरपूर डिस्काउंट देऊन चोवीसच्या थोडी वर येतेय. सेल्सवाला म्हणतो मॅडम टॉप एंड आहे, ३६० कॅमेरा, सोनीचे स्पीकर, वर्षाचा काय एवढा विचार करता, फक्त कागदावरचा फरक आहे.

खरंच फक्त कागदावरचा फरक आहे का? जानेवारीत जे मॉडेल इयर अपडेट आलं त्यात नक्की काय बदललं ते नीट कुणी सांगेल का, मी जितके व्हिडिओ बघितले तेवढा गोंधळ वाढला.

चाकण_फाटा (पुणे)

ताई, आधी हे समजून घ्या की एका वर्षात या गाडीत तीन वेगवेगळ्या गोष्टी झाल्यात आणि शोरूमवाले त्या एकत्र कालवून सांगतात.

जानेवारीत जो अपडेट आला तो वरच्या व्हेरियंटसाठी होता. एएक्स७ एल ला पुढच्या व्हेंटिलेटेड सीट आल्या, बाहेरच्या आरशांना मेमरी आली, आणि एएक्स७ व एएक्स७ एल मध्ये मधल्या रांगेत कॅप्टन सीट म्हणजे दोन सुट्या खुर्च्या, असा सहा सीटरचा पर्याय आला. नापोली ब्लॅक रंग आला. इंजिनं तीच, २ लिटर टर्बो पेट्रोल २०० पीएस आणि २.२ डिझेल, खालच्या एमएक्सला १५५ पीएस आणि वर १८५. गिअरबॉक्स तेच, सस्पेन्शन तेच. म्हणजे चालवायला २०२३ ची आणि २०२४ ची गाडी एकच.

मग मे महिन्यात एएक्स५ सिलेक्ट आली. हा दुसऱ्या जातीचा बदल, म्हणजे वरचं फीचर खाली उतरवणं. पॅनोरमिक सनरूफ, ज्याला ते स्कायरूफ म्हणतात, ते आधी एएक्स५ पासून होतं, ते काही बाकीच्या गोष्टी काढून स्वस्तात दिलं. तिसरी गोष्ट जुलैची, त्यात फीचर काहीच बदललं नाही, गाडीला तीन वर्षं होतायत म्हणून एएक्स७ ची किंमत साधारण दोन लाखांनी उतरवली, चार महिन्यांसाठी म्हणून जाहीर केलीये. माझ्या मते वर्षातला सगळ्यात मोठा अपडेट हाच आहे, जरी ब्रोशरचं एकही पान बदललं नसलं तरी.

तुमच्या तिसऱ्या पर्यायात जानेवारीतलं काहीच नाहीये. व्हेंटिलेटेड सीट नाहीत, मेमरी आरसे नाहीत. आणि ही सॉफ्टवेअरने नंतर येणारी गोष्ट नव्हे. स्क्रीनवरचे फीचर ओटीएने, म्हणजे इंटरनेटवरून अपडेट होऊन, येऊ शकतात, सीटमधला पंखा येत नाही.

डिझेलदादा (कोल्हापूर)

माझी २०२२ ची एएक्स७ डिझेल आहे, नापसंत असं फार काही नाही तरी जे खटकतं ते सांगतो कारण घरात लहान मुलं आहेत तुमच्या. सीटचा रंग फिका आहे. बघायला एकदम भारी वाटतं, शोरूममध्ये बायको त्यावरच भाळली होती, पण मुलांच्या बुटांची टोकं पुढच्या सीटच्या पाठीला लागून जे काळे पट्टे उठतात ते ओल्या फडक्याने जात नाहीत, लेदर क्लीनर लावून मऊ ब्रशने घासावं लागतं, आणि शिवणीत अडकलेली मिसळीची तर्री तर कायमची. मी सीटच्या पाठीला किक मॅट लावलेत, पहिल्या दिवशीच लावा.

आणि सीट कव्हर घालणार असाल तर एअरबॅगला चालणारंच घाला. साईड एअरबॅग सीटच्या कडेतून फुटतात, साधं जाड कव्हर शिवून घातलं की त्या अडकतात. बाहेर पंखा असलेली व्हेंटिलेटेड कव्हरं पण मिळतात, दुकानदार आग्रह करतील, पण वायर कापून जोडणी केली की त्या वायरिंगच्या वॉरंटीवर पाणी सोडायचं.

आकडेमोड (ठाणे)

कुणीच आरटीओचं बोललं नाही म्हणून लिहितो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर गाडी घेताना (२०२४ चे दर) पेट्रोलला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२ आणि २० च्या वर १३. डिझेलला त्याच स्लॅबला १३, १४ आणि १५. हा टक्का पूर्ण किमतीवर लागतो, वरच्या फरकावर नाही. इथेच सगळी गंमत आहे.

१९.४९ लाखांच्या पेट्रोल एएक्स७ ला १२ टक्क्यांनी २,३३,८८० रुपये टॅक्स. जुलैच्या आधी हीच गाडी २० च्या वर होती म्हणजे १३ टक्के बसायचे, तेही मोठ्या रकमेवर. त्यामुळे ऑन रोड बचत एक्स शोरूमच्या बचतीपेक्षा जास्त आहे. डिझेल मॅन्युअल सात सीटर १९.९९ ला ठेवलीये ती उगाच नाही, १४ टक्क्यांनी २,७९,८६०. हीच गाडी २०,०१,००० ची असती तर १५ टक्क्यांनी ३,००,१५०. म्हणजे दोन हजार रुपयांच्या फरकाला वीस हजार टॅक्स.

आता कॅप्टन सीटचं बघा. सहा सीटर सातपेक्षा थोडी महाग आहे. पेट्रोलमध्ये ती तरीही २० च्या आत राहते, डिझेलमध्ये २० ओलांडते. म्हणजे डिझेलमध्ये दोन खुर्च्यांसाठी खुर्च्यांचे पैसे द्यायचे आणि वर पूर्ण गाडीवर एक टक्का जास्त टॅक्स. कोटेशन मागताना हा हिशोब समोर ठेवून मागा.

१० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच कापून घेतलेला इन्कम टॅक्स, लावतात, तो रिटर्नमध्ये परत मिळतो किंवा टॅक्समधून वळता होतो, त्याला खर्च समजू नका. हँडलिंग चार्जेस किंवा डेपो चार्जेस अशी ओळ दिसली की सरळ काढायला सांगा.

बंगळूरकर_सातारी

+१ आकडेमोड. आमच्याकडे कर्नाटकात तर १० ते २० ला १७ टक्के आणि वर १८, त्यावर सेस वेगळा. १९.४९ वर सव्वातीन लाखांच्या वर नुसता टॅक्स गेला माझा. महाराष्ट्रातल्या लोकांनी नशीब समजा.

मी सहा सीटर घेतली. ताई, सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी म्हणून विचार करत असाल तर कॅप्टन सीट बसायला खरंच चांगली आहे, दोन्ही बाजूंना हात टेकायला मिळतो आणि उठताना त्याचा आधार होतो. माझी आई बहात्तरची आहे, ती आता मधल्या रांगेतून खाली उतरत नाही म्हणते. पण तुम्ही सहा जण आहात म्हणजे सहा सीटरमध्ये एकही जागा मोकळी उरणार नाही. आत्या बरोबर येते म्हणाली तर काय करणार? आणि तीन वर्षांच्या मुलाची चाइल्ड सीट मधल्या रांगेत आयसोफिक्सला, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायच्या हुकांना, लावली की उरली एकच कॅप्टन सीट, मग आजी-आजोबांपैकी एक मागे.

गोदाकाठ

हे चाइल्ड सीटचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे सात सीटरमध्ये मधल्या रांगेत चाइल्ड सीट, सासूबाई, सासरे. मुलगी मागे. पुढे आम्ही दोघं. असंच बसेल ना?

डिझेलदादा

बसेल. फक्त चाइल्ड सीट ड्रायव्हरच्या मागे लावा. डावीकडची सीट एका खटक्यात पुढे लोळते, मागे जायचा रस्ता तोच, तिथे चाइल्ड सीट लावली की प्रत्येक वेळी काढा-घाला. मागची रांग मोठ्या माणसांना लांबच्या प्रवासाला नाही, मांड्या उचललेल्या राहतात, पण सात-आठ वर्षांच्या मुलीला मस्त आहे, एसीचा झोत पण आहे तिथे. सामानाला मात्र तिसरी रांग उघडी असताना दोन छोट्या बॅगा, बस. गावाहून कांद्याची गोणी आणायची सवय असेल तर कॅरियर लागेल.

सफारीवाला (सोलापूर)

धागा एक्सयूव्हीचा आहे, माहितीये, पण ज्यांचं बजेट हेच आहे त्यांनी सफारी बघितल्याशिवाय ठरवू नये असं मनापासून वाटतं. टाटाने पण जुलैत किमती खाली आणल्यात. आणि मॉडेल इयर अपडेट कसा असावा याचं चांगलं उदाहरण म्हणजे ऑक्टोबर २०२३ ची सफारी. त्यात नुसते दिवे बदलले नाहीत, स्टेअरिंग हायड्रॉलिकचं इलेक्ट्रिक केलं. जुन्या सफारीला पार्किंगमध्ये वळवताना खांदा लागायचा, आमच्याकडे आधीची २०२१ ची होती म्हणून सांगतो, नवीन एका हाताने वळते. असा बदल आला की जुन्या स्टॉकवर कितीही डिस्काउंट असो, नवीनच घ्यावी.

सेफ्टीत भारत एनकॅपच्या क्रॅश टेस्टला मोठ्यांसाठी ३२ पैकी ३०.०८.

चाकण_फाटा

सफारीवाला, स्टेअरिंगचा मुद्दा शंभर टक्के मान्य. यांत्रिक बदल आणि सजावटीचा बदल यात हाच फरक आहे. पण एनकॅपचे आकडे शेजारी ठेवताना सांभाळून. एक्सयूव्ही७०० चा निकाल ग्लोबल एनकॅपचा, नोव्हेंबर २०२१ चा, मोठ्यांसाठी १७ पैकी १६.०३ पाच स्टार आणि मुलांसाठी ४९ पैकी ४१.६६ चार स्टार. ती जुन्या नियमांची चाचणी, २०२२ च्या मध्यात नियम कडक झाले. दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका आहेत.

आणि ती चाचणी दोन एअरबॅगवाल्या गाडीची होती हे विसरू नका. सहा एअरबॅग सक्तीच्या होणार होणार म्हणून खूप गाजलं पण २०२३ मध्ये सरकारने ते सोडून दिलं. त्यामुळे एक्सयूव्हीच्या बेसला दोन आणि टॉपला सात, मध्ये कुठल्या व्हेरियंटला किती हे ब्रोशरच्या टेबलमध्ये स्वतः बोट ठेवून बघा, सेल्सवाल्याच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका. ताई, मुलं आणि म्हातारी माणसं बसणार आहेत, मला विचाराल तर आधी ती ओळ वाचा आणि मग सनरूफ.

वऱ्हाडी_ठेचा (अमरावती)

माझं ऐका भाऊ, लय जीवाला लागलेलं आहे म्हणून लिहून राह्यलो. मी जूनमध्ये एएक्स७ घेतली. बाबा रिटायर झाले, त्यांच्या पैशातून. मी म्हटलं थांबू, दसऱ्याला बघू, तर शोरूमवाला म्हणे किंमत वाढणार आहे पुढच्या महिन्यात, आत्ताच बुक करा, ही एकच गाडी उरली आहे. घेतली. आणि महिना पण झाला नाही तर तीच गाडी दोन लाखांनी स्वस्त. बाबांनी पेपरात वाचलं, मला काही बोलले नाहीत, पण माणसाचं तोंड दिसतं ना. शोरूमला फोन केला तर म्हणे आमच्या हातात काही नाही.

गाडी चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण "किंमत वाढणार" असं कोणी म्हटलं तर लेखी मागा. ईमेलवर द्या म्हणा. देत नाहीत.

आकडेमोड

वऱ्हाडी दादा, वाईट वाटलं वाचून. एक काम करा, पुढच्या वर्षी इन्शुरन्स रिन्यू करताना आयडीव्हीवर, म्हणजे विम्यात गाडीची जी किंमत धरतात तिच्यावर, लक्ष ठेवा. कंपनी आयडीव्ही आत्ताच्या उतरलेल्या किमतीवरून धरेल, तेव्हा दोन-तीन कोटेशन घ्या आणि मिळेल तेवढी जास्त मागा. आणि रिटर्न टू इनव्हॉइसचं कव्हर घेतलेलं असेल तर ते चालू ठेवा, गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण गेली तर त्यात तुमच्या बिलाची रक्कम धरतात, आजची किंमत नाही. तुमच्या बाबतीत त्याला जास्तच अर्थ आहे.

घाटवाट (इगतपुरी)

एडासबद्दल (कॅमेरा-रडार बघून गाडी स्वतः ब्रेक, वेग सांभाळते ती यंत्रणा) विचारलं नाही ताईंनी पण एएक्स५ सिलेक्ट आणि एएक्स७ मधला मोठा फरक तोच आहे म्हणून सांगतो. माझ्याकडे एएक्स७ ऑटोमॅटिक आहे, कसारा घाट नेहमीचा. समृद्धीवर अॅडॅप्टिव्ह क्रूझ लावून पाय मोकळा ठेवला की थकवा निम्मा होतो हे खरं, पण आपल्या गावातल्या रस्त्यावर एखादी बाईक डावीकडून तिरकी घुसली की गाडी स्वतः ब्रेक मारते आणि मागचा ट्रक आपल्याला येऊन चिकटतो की काय असं होतं. मी शहरात त्याची सेन्सिटिव्हिटी कमी करतो. दुसरं म्हणजे कॅमेरा पुढच्या काचेच्या मागे बसवलेला असतो, दगड लागून काच बदलायची वेळ आली तर नुसती काच नाही, कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन पण करावं लागतं. झिरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारा इन्शुरन्स, घ्याच.

पेट्रोल घेणार असाल तर मनाची तयारी ठेवा, शहरात लिटरला नऊ-दहा किलोमीटरच्या वर मला मिळत नाही. पण तुमचा वापर नाशिकमधला शाळा-बाजाराचा असेल तर डिझेल घेऊ नका. छोट्या छोट्या फेऱ्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, नीट तापत नाही, काजळी साठते, दिवा लागतो, मग हायवेवर नेऊन गाडी ताणून आणावी लागते.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी सासू-सासऱ्यांना घेऊन शोरूमला गेलो आणि मुद्दाम दोन्ही प्रकारच्या सीटवर बसवलं. सासऱ्यांना चढताना त्रास झाला, गाडी उंच आहे, पाय वर घेताना दरवाजाच्या वरचं हँडल पकडावं लागलं. साईड स्टेप लावून परत बसले तेव्हा सहज चढले. कॅप्टन सीट त्यांना आवडली पण चाइल्ड सीटमुळे सात सीटरच बरी असं ते स्वतःच म्हणाले.

२०२३ च्या एएक्स७ एल चं मी शांतपणे विचारलं की आरसीवर उत्पादनाचा महिना कुठला येईल, तर म्हणाले नोव्हेंबर २०२३. म्हणजे रजिस्ट्रेशन आत्ताचं पण विकताना समोरचा २०२३ ची गाडी म्हणूनच बघणार. शिवाय आमचा वापर बघता डिझेल नकोच. सोडली.

एएक्स५ सिलेक्टवर नवरा अडून होता, अडीच लाख वाचतात म्हणून, आणि त्याचं चुकत नाही. पण ब्रोशर उघडून आम्ही दोघांनी एअरबॅगची, एडासची, टायर प्रेशर मॉनिटरची, ड्रायव्हर सीटची अशी एकेक ओळ वाचली आणि प्रत्येक ओळीला स्वतःला विचारलं की हे नंतर बाहेरून लावता येईल का. स्पीकर येतात, मॅट येतात, डॅशकॅम येतो. एअरबॅग येत नाही. एएक्स७ पेट्रोल मॅन्युअल सात सीटर बुक केली. ऑटोमॅटिक मला हवी होती पण ती दीड लाखाने वर जाते आणि २० चा स्लॅब पण ओलांडते, ते जमणार नाही.

आता डिलिव्हरीच्या आधी काय तपासू ते सांगा.

चाकण_फाटा

अभिनंदन ताई! पैसे पूर्ण भरायच्या आधी आणि पासिंगच्या आधी पीडीआय, म्हणजे डिलिव्हरीपूर्वीची तपासणी, करा, नंतर केलं तर उपयोग नाही. दिवसा उजेडात, गाडी धुतलेली. चासी नंबर आधी मागून घ्या आणि बोनेटखालचा प्रत्यक्ष जुळवा, उत्पादनाचा महिना विचारा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, म्हणजे तिथे २०२४ असेल तर २०२४ सालचा विसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनीचे आकडे आसपासचे हवेत, एखादा फारच जुना निघाला तर का ते विचारा. काचांवरचे छाप पण बघा, एखादी काच वेगळीच दिसली तर ती यार्डात बदललेली असू शकते. कार्पेटखाली हात घालून ओल तपासा, पावसाळ्यात गाड्या उघड्यावर उभ्या असतात. स्कायरूफ पूर्ण उघडून बंद करा, आवाज ऐका.

डिझेलदादा

आणि सगळ्या चार्जिंगच्या जागा, सगळे सीटबेल्ट ओढून, तिसऱ्या रांगेतला एसी चालू करून. दोन्ही चाव्या मागा. सीटवरचं प्लास्टिक काढायला लावा, त्याच्याखाली डाग निघतात. साईड स्टेप बाहेरून लावणार असाल तर कंपनीचीच लावा, गाडी आधीच १८९० मिलिमीटर रुंद आहे, तुमच्या सोसायटीत पार्किंगची मापं घेऊन या.

आकडेमोड

इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. त्यांचं कोटेशन फोटो काढून आणा, तेवढीच आयडीव्ही, झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस धरून बाहेर दोन ठिकाणी विचारा आणि तो आकडा त्यांना दाखवा, बहुतेक वेळा तिथल्या तिथे खाली येतात. थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदमच घ्यावी लागते, ओन डॅमेज एक वर्षाचं घेतलं तरी चालतं. कोटेशन इथे टाका, नाव-नंबर झाकून, ओळ न ओळ बघून सांगतो.

गोदाकाठ

उद्या संध्याकाळी टाकते दादा. फास्टॅग आणि अॅक्सेसरीज पॅकेज म्हणून त्यांनी एक मोठी रक्कम धरलीये, त्यात मड फ्लॅप आणि बॉडी कव्हरच्या पुढे काय आहे ते पण लिहून मागितलंय.